दिव्यांग कायद्याचा तास आणि माझ्या दवाखान्याच्या तीन पायऱ्या

मी वकील नाही. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर उद्या कुणीतरी "डॉक्टरांनी लिहिलंय" म्हणून हा लेख घेऊन साहेबासमोर उभं राहायचं. मी ताप, मधुमेह, बीपी, दमा बघणारा साधा फिजिशियन आहे, आणि नेहमी त्याच विषयांवर लिहितो. आज मात्र कायद्याबद्दल लिहितोय. त्याला कारण घडलं.

मार्च महिन्यात आमच्या तालुक्यातल्या एका संस्थेने दिव्यांग मुलांचे पालक, काही दिव्यांग व्यक्ती, आशाताई आणि दोन-चार शिक्षक यांच्यासाठी दोन दिवसांची कार्यशाळा ठेवली होती. मला बोलावलं होतं ते दाखल्यावरची टक्केवारी कशी काढतात यावर पाऊण तास बोलायला. ते मला जमण्यासारखं होतं. पण आठवडाभर आधी फोन आला. कायद्याचं सत्र घेणाऱ्या वकील मॅडमच्या आई घरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन ठरलं. "डॉक्टर, ते सत्रही तुम्हीच घ्या ना. फक्त मूलभूत सांगायचंय."

मूलभूत म्हणजे सोपं, असा माझा समज होता. ओपीडी संपल्यावर रात्री कायदा उघडून बसलो. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६. एकूण १०२ कलमं. १९ एप्रिल २०१७ पासून लागू. खरं सांगतो, एमडी झाल्यापासून मी शेकड्याने फिटनेस सर्टिफिकेटं दिली असतील, पण हा कायदा एकदाही उघडला नव्हता. आमच्या अभ्यासक्रमात त्या वेळी तो विषयच नव्हता, आणि नंतर स्वतःहून वाचावा असं वाटलं नाही.

१९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. नव्यात २१ आहेत. अंध, अल्पदृष्टी, कर्णबधिर, अस्थिव्यंग, बौद्धिक दिव्यांगत्व, मानसिक आजार हे आपल्याला माहीत असतात. पण त्या यादीत थॅलेसेमिया आहे, हिमोफिलिया आहे, सिकलसेल आहे. पार्किन्सन्स आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, स्नायू झिजत जाणारी मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. ऑटिझम आणि अध्ययन अक्षमता आहे, ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्ती आहेत. यांतले कितीतरी माझ्याकडे वर्षानुवर्षं येतात. पार्किन्सन्सच्या आजोबांच्या गोळ्यांचा डोस मी दर तीन महिन्यांनी बदलतो. त्यांना कधी "दाखल्यासाठी अर्ज करा" असं म्हटलं का? आठवून बघितलं. एकूण रुग्णांत असं सांगितलेले मोजायला एका हाताची बोटं पुरली.

मग कलम २० आलं, आणि त्याच्या चौथ्या पोटकलमाशी मी थांबलो. सरकारी आस्थापनेत नोकरीत असताना एखाद्याला दिव्यांगत्व आलं तर त्याला कामावरून काढता येत नाही, त्याची पदावनती करता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत, त्याच लाभांसह दुसऱ्या कामावर बदलायचं. तशी जागाच नसेल तर जागा मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत, जे आधी येईल तोपर्यंत, जादा पद तयार करून त्यावर ठेवायचं. आणि हे २०१६ चं नवं काही नाही. जुन्या कायद्यातही कलम ४७ खाली हेच होतं. पाय गमावलेल्या कुणाल सिंग नावाच्या पोलीस शिपायाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच ते ठणकावून सांगितलं होतं.

मला एका सरकारी कार्यालयातल्या जीपचे ड्रायव्हर आठवले. २०१८ साल. वय ४९. पक्षाघाताचा झटका आला, डावी बाजू गेली. सहा महिन्यांत बरीच सुधारणा झाली. चालू लागले, डावा पाय थोडा ओढत. डाव्या हाताची पकड मात्र आली नाही. बोलणं स्वच्छ, उजवा हात उत्तम, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. त्यांच्या कार्यालयाने फिटनेस मागितला. मी लिहिलं, "अनफिट फॉर ड्यूटी." माझ्या डोक्यात एवढंच होतं की या माणसाने जीप चालवता कामा नये, स्वतःही मरेल आणि चार जणांना घेऊन जाईल. ते बरोबरच होतं. पण "ड्रायव्हिंगसाठी अनफिट, टेबलावरच्या कामासाठी फिट" असं लिहायला मला आणखी अर्धं मिनिट लागलं असतं. माझा कागद पाहून कार्यालयात कुणीतरी त्यांना सांगितलं, स्वेच्छानिवृत्ती घ्या, सुटाल. त्यांनी घेतली. नऊ वर्षं नोकरी बाकी होती.

त्या रात्री मी पुढचं काही वाचलं नाही.

कार्यशाळेच्या दिवशी सकाळी हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती. मी स्लाइड्स लावल्या. पहिली स्लाइड संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या कराराची, दुसरी भारताने २००७ मध्ये त्याला मान्यता दिल्याची, तिसरी २१ प्रकारांची. चौथ्या स्लाइडला मागच्या रांगेतल्या एका आशाताईंनी जांभई दिली आणि मला दोष देता येईना. तेवढ्यात एक शेतकरी गृहस्थ उभे राहिले.

"साहेब, ते सगळं ठीक आहे. पण माझ्या पोराचं काय करायचं, ते सांगा."

पोरगा अकरा वर्षांचा, मस्क्युलर डिस्ट्रॉफी. गेल्या दिवाळीपासून चालणं बंद. वर्ग पहिल्या मजल्यावर. शाळेने सांगितलं, घरी ठेवा, वरच्या इयत्तेत घालू. बाप रोज त्याला पाठुंगळी घेऊन जिना चढवत होता, मग कांद्याची काढणी आली आणि जमेना झालं.

मी लॅपटॉप बंद केला. कलम १६ सांगितलं. सरकारने अनुदान दिलेल्या किंवा मान्यता दिलेल्या शाळांनी दिव्यांग मुलांना भेदभाव न करता शिकवायचं आहे, इमारत त्यांना वापरता येईल अशी करायची आहे, आणि त्या मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय द्यायची आहे. कलम ३१ सांगितलं, की ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. "लिफ्ट मागू नका," मी म्हटलं, "त्याचा वर्ग खाली आणायला सांगा. वर्ग खाली आणायला पैसे लागत नाहीत. आणि तोंडी नाही, लेखी मागा."

"लेखी दिलं तर हेडसरांना राग येईल ना?"

हा प्रश्न कुठल्याच कायद्याच्या पुस्तकात नाही. मी तरी काय सांगणार? येईलही राग. मग आम्ही फळ्यावर अर्ज लिहिला. सगळ्यांनी मिळून. "मा. मुख्याध्यापक यांस, स. न. वि. वि." पासून. मुलाला काय आजार आहे, दाखल्याचा क्रमांक, त्याला नेमकं काय हवं, कुठल्या कलमाखाली हवं, आणि शेवटी "कृपया लेखी उत्तर मिळावे". एका निवृत्त शिक्षकांनी माझी वाक्यं दुरुस्त केली. अर्ज नम्र हवा पण त्यात विनवणी नको, हा त्यांचा आग्रह. "कृपावंत होऊन" हे शब्द त्यांनी स्वतः उठून पुसले. दुसरी प्रत काढायची, तिच्यावर पोच घ्यायची, तारखेसह शिक्का. माझ्या स्लाइड्सचा एकानेही फोटो काढला नव्हता. फळ्याचा फोटो मात्र झाडून सगळ्यांनी काढला.

त्यानंतर सत्र माझ्या हातात राहिलं नाही, आणि बरं झालं.

टक्केवारीवर सगळ्यात जास्त गोंधळ होता, म्हणून ते थोडं सविस्तर लिहितो. नोकरीतलं आरक्षण (सरकारी आस्थापनांत किमान ४ टक्के), उच्च शिक्षणातल्या जागा (सरकारी व अनुदानित संस्थांत किमान ५ टक्के), सरकारी योजनांतला वाटा यांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. याला सरकारी भाषेत लक्षणीय दिव्यांगत्व म्हणतात. टक्के देण्याचा अधिकार सरकारने नेमलेल्या वैद्यकीय प्राधिकाऱ्याला असतो, माझ्यासारख्या खासगी डॉक्टरला नाही. "तेवढं वाढवून द्या ना" असं मला सांगून उपयोग नाही. शिवाय खोटेपणाने लाभ घेतला तर कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

दोन प्रकारची दिव्यांगत्वं असतील तर त्यांची सरळ बेरीज करत नाहीत. समजा एक ३० टक्के आणि दुसरं २० टक्के. बेरीज ५० होते, पण दाखल्यावर ५० येत नाही. ९० मधून मोठा आकडा वजा करायचा, म्हणजे ६०. त्याला लहान आकड्याने, म्हणजे २० ने गुणायचं आणि ९० ने भागायचं. येतात साधारण १३. ते ३० मध्ये मिळवायचे, म्हणजे झाले ४३. "माझे सात टक्के डॉक्टरांनी खाल्ले" अशी तक्रार मी स्वतः ऐकली आहे. कुणी खाल्लेले नसतात, सूत्रच तसं आहे. तरीही मूल्यमापन चुकलं असं वाटत असेल तर कलम ५९ खाली अपील करता येतं. त्यात उशीर करू नका.

हे सांगत असताना एक तरुण उठला. लहानपणी विटीदांडू खेळताना विटी लागून त्याचा डावा डोळा पूर्ण गेलेला. दुसरा उत्तम. अशा माणसाला नियमाप्रमाणे ३० टक्के मिळतात. तो एका नगरपरिषदेत कारकून आहे. त्याचं टेबल असं ठेवलंय की लोक त्याच्या डाव्या बाजूने येतात. त्याला ते दिसत नाहीत, लोक ओरडतात, "साहेब बघायलासुद्धा तयार नाहीत." दिवसभर मान वळवून वळवून मान धरते. त्याने टेबल फिरवून मागितलं. वरिष्ठ म्हणाले, "४० टक्क्यांचा दाखला आण, मग बघू."

इथे मला माझी सगळ्यात मोठी गैरसमजूत कबूल करावी लागली. आठवड्यापूर्वीपर्यंत मीही हेच मानत होतो, की ४० च्या खाली कायदा नाही. तसं नाहीये. ४० टक्क्यांची अट आरक्षणासारख्या ठरावीक लाभांना आहे. भेदभाव न होण्याचा हक्क कलम ३ मध्ये आहे आणि तिथे टक्के लिहिलेले नाहीत. वाजवी सोय म्हणजे त्या माणसाच्या गरजेप्रमाणे केलेला असा बदल, जो समोरच्यावर अवाजवी बोजा टाकत नाही. अशी सोय नाकारणं हाच भेदभावाचा एक प्रकार आहे असं कायद्याच्या व्याख्येतच म्हटलंय. सरकारी आस्थापनेने कर्मचाऱ्याला ती द्यायची, हे कलम २० सांगतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विकास कुमार यांच्या प्रकरणात हे फार स्पष्ट केलं. त्यांना लिहिताना हाताला पेटके यायचे, टक्केवारी ४० पर्यंत पोचत नव्हती, म्हणून लेखनिक नाकारला गेला होता. न्यायालयाने सांगितलं, लेखनिकाची सोय फक्त ४० टक्केवाल्यांपुरती ठेवता येणार नाही.

डॉक्टर म्हणून मला यात काही नवल वाटायला नको होतं. टक्के अवयवाचं नुकसान मोजतात. त्या माणसाचं टेबल कुठल्या भिंतीला लावलंय, हे कुठल्याच तक्त्यात नसतं.

"म्हणजे टेबल फिरवायला टक्के लागत नाहीत," तो मुलगा म्हणाला. हॉल हसला. तो मात्र हसला नाही, वहीत कलमाचा नंबर लिहून घेत होता.

मग मी ड्रायव्हरांची गोष्ट सांगितली. नाव, कार्यालय काही न सांगता, पण "अनफिट" लिहिणारा डॉक्टर मीच हे सांगून. सांगायचं की नाही, यावर आदल्या रात्री बराच विचार केला होता. हॉल शांत झाला. एका आशाताईंनी विचारलं, "मग आता त्यांचं काय?" मी म्हटलं, माहीत नाही, अजून त्यांना भेटलो नाही. हे म्हणताना मला बरं वाटलं नाही, आणि वाटायला नकोच होतं.

आरोग्याचं कलम २५ मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. म्हटलं, हे तर आपलंच शेत. दिव्यांग व्यक्तींना तपासणीत आणि उपचारात प्राधान्य. सरकारी असोत की खासगी, रुग्णालयं आणि आरोग्यकेंद्रांच्या सर्व भागांत अडथळ्याविना जाता येईल अशी व्यवस्था सरकारने करायची. मी "सर्व भागांत" या शब्दांवर जोरही दिला.

व्हीलचेअरवरच्या एका ताईंनी हात वर केला. पोलिओ, दोन्ही पाय. साड्यांना फॉल-पिको करून देतात. चेहरा ओळखीचा वाटला.

"खासगी म्हणजे तुमचा दवाखाना पण ना, डॉक्टर?"

"हो."

"मी दोनदा आले होते. तुमच्या तीन पायऱ्या आहेत. तुम्ही बाहेर येऊन मला रिक्षातच तपासलं होतं."

मला आठवलं. इतकंच नाही, ते मला अभिमानाने आठवत होतं. पेशंट आत येऊ शकत नाही तर डॉक्टर बाहेर जातो, याला मी सेवाभाव समजत होतो. एक-दोनदा मित्रांत सांगितलंही असेन.

"तुम्ही चांगलेच वागलात," ताई म्हणाल्या. "पण समोर पानटपरी होती. चारजण उभे होते. तुम्ही विचारलंत, पाळी नियमित आहे का, अंगावरून जास्त जातं का. मी म्हटलं, सगळं ठीक आहे. तिथे काय सांगणार?"

त्यांना थकवा होता, धाप लागत होती. मी रिक्षात डोळ्यांची पापणी ओढून बघितली, फिकट दिसली, लोहाच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या खेपेलाही तेच. खरं तर त्यांना दर महिन्याला आठ-दहा दिवस भरपूर रक्तस्राव होत होता. आठ महिन्यांनी त्या दुसऱ्या गावच्या दवाखान्यात गेल्या तेव्हा हिमोग्लोबिन ६ वर होतं आणि गर्भाशयात गाठी निघाल्या. गोळ्या चुकीच्या नव्हत्या. पण नळ उघडा ठेवून मी बादली भरत होतो. मला खरी माहिती मिळाली नाही, कारण ती सांगता येईल अशा जागी मी पेशंटला बसवलंच नव्हतं.

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तसं नाही, तुम्ही सर्व भागांत म्हणालात म्हणून विचारलं."

दुपारी चहाच्या वेळी एक मावशी मला बाजूला घेऊन गेल्या. त्यांची मुलगी चोवीस वर्षांची, बौद्धिक दिव्यांग. "डॉक्टर, हिची पिशवी काढून टाकता येईल का?"

हा प्रश्न मला तीस वर्षं मागे घेऊन गेला. १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यात शस्त्रक्रिया करून काढली गेली. पेपरांत केवढं वादळ उठलं होतं. मी तेव्हा तरुण डॉक्टर होतो. आमच्या हॉस्टेलवर बहुतेकांचं मत होतं की यात गैर काय, सोय झाली त्यांची. माझंही तेच होतं. सोय कुणाची, हा प्रश्न आम्हाला सुचला नाही.

आजच्या कायद्याच्या कलम १० प्रमाणे कुठल्याही दिव्यांग व्यक्तीवर तिच्या मुक्त आणि समजून दिलेल्या संमतीशिवाय वंध्यत्व येईल अशी वैद्यकीय प्रक्रिया करता येत नाही. पण मावशींना कलम सांगून काय होणार होतं? मी विचारलं, नेमकी अडचण कुठली? दोन निघाल्या. पाळीत ती कपडे काढून टाकते, ही एक. दुसरी त्यांनी खाली बघत सांगितली. "मी कामाला जाते. घरी ती एकटी. काही वाईट झालं तर?"

पहिलीवर उपाय आहेत. पॅड बदलायला शिकवता येतं. बाहुलीवर, लाल रंग लावून, रोज तेच तेच दाखवत विशेष शिक्षिका शिकवतात, काही महिने लागतात पण बऱ्याच मुली शिकतात. रक्तस्राव फार असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ औषधांनी कमी करू शकतात. दुसरीबद्दल मी त्यांना सरळ सांगितलं. गर्भाशय काढल्याने अत्याचार थांबत नाही, फक्त तो झाल्याचं लवकर कळत नाही. मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हे आम्हाला कुणी असं सांगितलं नव्हतं." त्यांना दिवसा मुलीला ठेवता येईल अशी जागा हवी होती. त्यासाठी मी संस्थेच्या कार्यकर्त्या ताईंशी त्यांची गाठ घालून दिली. आपल्या माघारी मुलीचं कोण, हीसुद्धा त्यांची काळजी होती. बौद्धिक दिव्यांगत्व, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविध दिव्यांगत्व यांच्यासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करता येतो, आणि निरामय नावाची एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजनाही आहे.

बाकीचे प्रश्न भराभर झाले. यूडीआयडी कार्ड म्हणजे दाखल्यासोबत मिळणारं देशभर चालणारं ओळखपत्र, अर्ज ऑनलाइन करायचा. तक्रार करायची तर राज्याचे दिव्यांग आयुक्त पुण्यात बसतात, साध्या कागदावर अर्ज करता येतो. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्चायचा असतो, तो विचारा. चारचौघांत मुद्दाम अपमान केला, धमकावलं तर कलम ९२ खाली सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा. "लंगड्या", "बहिऱ्या", "येड्या" अशी हाक हसण्यावारी नेणाऱ्या गावांना हे कलम ठाऊक नाही. "दिव्यांग" हा शब्द आवडतो का, असं मी विचारलं तर फॉल-पिकोवाल्या ताई म्हणाल्या, "शब्द कुठलाही चालेल, संडासाला दार हवं." हॉलच्या संडासाला दोन पायऱ्या होत्या. त्या सकाळपासून पाणी प्यायल्या नव्हत्या.

सोमवारी मी गवंड्याला बोलावलं. माझ्या तीन पायऱ्या प्रत्येकी सहा इंचांच्या, म्हणजे उंची दीड फूट. उताराचं प्रमाण किमान एकास बारा हवं, एक फूट चढायला बारा फूट लांबी. म्हणजे मला अठरा फूट रॅम्प लागणार. दवाखान्यापुढे मोकळी जागा अकरा फूट. गवंडी म्हणाला, "साहेब, सहा फुटांत बसवतो की, स्कूटर आरामात चढेल." स्कूटरला इंजिन असतं, हे त्याला समजावून सांगावं लागलं. आपल्याकडचे निम्मे रॅम्प असे स्कूटरसाठीच बांधलेले असतात, बँकांत जाऊन बघा. शेवटी बाजूच्या बोळातून, मध्ये सपाट टप्पा देऊन, काटकोनात वळणारा रॅम्प केला. सलाइनची खोकी आत घ्यायला जे बाजूचं दार होतं तेच आता त्यासाठी वापरतो. तपासणीचं टेबलही कमी उंचीचं घेतलं.

ताईंना फोन करून बघायला बोलावलं. त्या वर आल्या, दारापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "दार बाहेर उघडतंय. मी ओढायला गेले की चाक मागं जातंय." सुताराला बोलावून दार आत उघडेल असं केलं. मग त्या आत आल्या, दार लावून घेतलं, आणि पहिल्यांदाच मी त्यांची नीट हिस्टरी घेतली. वीस मिनिटं लागली.

ड्रायव्हरकाकांना भेटायला मात्र मला आणखी पंधरा दिवस लागले. कारण मी फोन उचलायचो आणि ठेवायचो. ते सध्या मेहुण्याच्या झेरॉक्सच्या दुकानात बसतात. मी सगळं सांगितलं. कलम, माझा कागद, काय लिहायला हवं होतं ते. त्यांनी झेरॉक्सची थप्पी सरळ करत ऐकलं. "म्हणजे तेव्हा मला टेबलावर बसवता आलं असतं?"

"हो."

"सही मीच केली ना पण, डॉक्टर."

यावर मला एकच गोष्ट सांगता आली. २००८ मध्ये भगवान दास यांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आलं होतं. ते वीज मंडळात नोकरीला होते, सेवेत असताना अंध झाले, हक्क माहीत नसल्याने त्यांनी स्वतःच निवृत्तीचा अर्ज दिला आणि तो मंजूर झाला. न्यायालयाने म्हटलं, त्याला त्याचे हक्क समजावून सांगणं अधिकाऱ्यांचं काम होतं. त्या अर्जाचा आधार घेऊन हात झटकता येणार नाहीत. काकांचं प्रकरण तसंच ठरेल की नाही, इतक्या वर्षांनी दाद मिळेल की नाही, हे मी सांगू शकत नाही. ते अजून अठ्ठावन्न वर्षांचे झालेले नाहीत, एवढं खरं.

दिव्यांग व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्यात उत्पन्नाची अट आडवी येत नाही. आम्ही दोघं तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीच्या खोलीत गेलो. तिथल्या वकील मॅडमनी आधी दोन गोष्टी मागितल्या. एक, दिव्यांगत्वाचा दाखला, जो काकांनी कधी काढलाच नव्हता. त्याचा अर्ज मेहुण्याच्याच दुकानातून ऑनलाइन भरला, तपासणीची तारीख मिळाली आहे. दुसरी, २०१८ मधली माझ्याकडची सगळी कागदपत्रं, आणि त्या वेळी रुग्ण बसून करायचं काम करण्याजोगा होता की नाही याबद्दल माझं लेखी निवेदन.

जुनी फाइल पोटमाळ्यावर सापडली. पकडीची तपासणी, चालण्याची नोंद, उजव्या हाताची ताकद पाचपैकी पाच, सगळं माझ्याच अक्षरात आहे. त्याखाली ते सर्टिफिकेट, कार्बन कॉपी, "अनफिट फॉर ड्यूटी". निवेदनाचा मसुदा मी दोनदा लिहिला आणि दोन्ही वेळा त्यात स्वतःची बाजू मांडायला लागलो, म्हणून फाडला. शुक्रवारी मॅडमकडे द्यायचा आहे.